वैद्यबुवांचे छत्तीस खण

"हे काय हो मिस्त्री? या फटीतून मुंगळ्यांची वरात जाईल!"

असं म्हणून पांढरीपांडे वैद्यांच्या बायकोनं बटव्यातून बसचं तिकीट काढलं, त्याची चौघडी केली आणि माझ्या खणाच्या वरच्या फटीत सरकवली. तिकीट अलगद आत पडलं. मग तिनं खण ओढून ते बाहेर काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. वैद्यबुवा हसले. चहा घेऊन आलेला टपरीवाला हसला. माझा चुलतभाऊ देवानंद दारात उभा होता, तो तर जरा जास्तच मोकळेपणानं हसला.

मी हसले नाही. बाबाही हसले नाहीत.

चौऱ्यांशी सालचा मे महिना होता. सिंदेवाहीला त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरकत नाही. आमच्या कारखान्यात ते कपाट उभं होतं. कारखाना हा शब्द मोठा आहे, प्रत्यक्षात कौलाचं छप्पर, तीन भिंती आणि मागे सागवानाच्या फळ्यांची थप्पी. कपाट वैद्यबुवांच्या नागभीडच्या दवाखान्यासाठी खास मापानं केलेलं होतं. सहा ओळी, ओळीला सहा खण. हिरड्याला एक, बेहड्याला एक, अश्वगंधेला एक, असा प्रत्येक औषधाला स्वतंत्र खण त्यांना हवा होता.

सांगाडा बाबांनी केला होता. कवडू मिस्त्री म्हटलं की त्या भागात पत्ता विचारावा लागत नसे. छत्तीस खण मात्र माझे होते, आणि बाबांनी वैद्यबुवांना ते आधीच सांगून टाकलं होतं. एकाही खणाला खिळा नव्हता. हाताची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशा फळ्या कोपऱ्यांवर गुंतवल्या होत्या. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि त्याहून चांगलं काम मी तोवर केलं नव्हतं. खरं सांगायचं तर चंद्रपूर जिल्ह्यात कुणीच केलं नव्हतं असं माझं मत होतं. अजूनही आहे.

आता त्या फटीचं सांगते. लाकूड कापलं, वाळवलं, रंधलं तरी स्वस्थ बसत नाही. उन्हाळ्यात ते रोडावतं, पावसाळ्यात अंग धरतं. लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत वाढतं. म्हणून मे महिन्यात खण करायचा तर वरती काडेपेटीतल्या काडीएवढी फट सोडायची. श्रावणात खण फुगला की ती कागदाएवढी उरते. पावसाळ्यात करायचा तर मुळात कागदाएवढीच सोडायची. 'उन्हाळी काडी, पावसाळी कागद' हे बाबांनी मला फ्रॉकात असताना शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या बापानं. मी छत्तीस खणांवर छत्तीस वेळा काडी फिरवून पाहिली होती.

हे सगळं मी वैद्यीणबाईंना सांगायला गेले. "बाई, आता उन्हाळा हाये. पावसाळ्यात खण फुगन अन् फट बुजून जाईन."

"पावसानं फटी बुजतात होय?" त्या म्हणाल्या. "मग गवंडी उगीच ठेवला आम्ही!"

पुन्हा सगळे हसले. बाई तशा वाईट नव्हत्या, फक्त जीभ तिखट होती, आणि तिखट जिभेला हसणारे मिळाले की ती थांबत नाही. "मुलीच्या हातचं काम आहे, चालायचंच," असं म्हणून त्यांनी ते तिकीट माझ्या हातात दिलं आणि दोघं बसच्या वेळेला निघून गेली. बाबा त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेले आणि परत आल्यावर जेवले नाहीत.

माझ्या अंगाची लाही झाली होती त्याला कारण होतं. देवानंद गेलं वर्षभर बाबांच्या मागे लागला होता. "मोठेबाबा, आता सागवान कोण घेते? प्लायवूडचं दुकान टाकू. रंधा नाई का पटाशी नाई, आज आणलं अन् उद्या विकलं." बाबांचं वय साठीकडे झुकलं होतं, उजव्या हाताच्या बोटांना पेटके यायचे, आणि त्यांना मुलगा नव्हता. शेवटी त्या माघात त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून निकाल दिला होता. वैद्यबुवांचं कपाट चंदीनं करायचं. गिऱ्हाइकानं वाहवा केली आणि पोळ्यापर्यंत काम परत आलं नाही तर कारखाना चंदीचा, म्हणजे माझा. नाही तर पोळ्यानंतर जागा देवानंदची, आणि थप्पीतलं सागवान विकून टाकायचं. बाबा एकदा बोलले की बदलत नसत. त्यामुळे ती बाई माझ्या फटीत तिकीट घालत होती तेव्हा देवानंदला प्लायवूडचा वास येत होता.

चार दिवसांनी वैशाखाची अमावास्या आली. आमच्यात अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत. गवंडी, सुतार, लोहार, सगळ्यांची ती सुट्टी. बाबा तर इतके कडक की त्या दिवशी घरातलं दार करकरलं तरी त्याला हात लावत नसत. मी तळोधीला मावशीकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत आले.

कारखान्यात शिरले तर जमिनीवर ताजा भुसा. ताज्या सागवानाचा वास वेगळा असतो, तो मला झोपेतही कळतो. मी कपाटाकडे पाहिलं. चांभाराची नजर जोड्यावर, तशी माझी फटींवर. वरच्या तीन ओळींमधल्या अठरा खणांच्या फटी नाहीशा झाल्या होत्या.

मी एक खण ओढला. त्याच्या वरच्या काठावर चारी बाजूंनी बारीक पट्टी सरसानं चिकटवलेली होती. काम इतकं सफाईदार होतं की पट्टी कुठे सुरू होते हे नखानंच कळावं. असं काम करणारा माणूस आमच्या गावात एकच होता.

तो माणूस मागे दारात उभा होता.

"बाबा, काल अमावास्या होती," मी म्हटलं.

"मालूम हाये मले."

"काऊन लावल्या पट्ट्या?"

"गिऱ्हाईक खूश तं आपण खूश," बाबा म्हणाले. माझ्याकडे न पाहता त्यांनी सरसाचं भांडं चुलीवर ठेवलं. "आता खालच्या तीन ओळीईले लावून देतो. सांजपर्यंत होते."

"आन् श्रावणात?"

"श्रावणात पाहू."

हे बाबा बोलत होते. ज्यांनी मला काडीचा हिशेब चुकला म्हणून एकदा दिवसभर उपाशी बसवलं होतं ते बाबा. माझ्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट आली: यांना माझ्या कामावर भरवसा नाही. बाई हसली आणि यांनाही ते खरं वाटलं. मला इतकं लागलं की मी सरसाचं भांडं उचलून बाहेर उंबराच्या बुंध्यात ओतून आले. आणि कपाटाच्या खालच्या अर्ध्याला पाठ लावून जमिनीवर बसले.

"या अठराले हात लावायचा नाई," मी म्हटलं. "लावला तं मी आत्ताच देवानंदले बोलावते. घे म्हणते कारखाना."

बाबा दोन पावलं पुढे आले. मला वाटलं आता हात उगारतात. पण ते म्हणाले, "खालच्या ओळी बाईले तशाही दिसत नाईत, वाकल्याशिवाय," आणि विडी पेटवून बाहेर गेले. त्या दिवसापासून आम्ही दोघं कामापुरतं बोलत होतो.

पंधरा दिवसांनी मेटाडोरमधून कपाट नागभीडला गेलं. वैद्यीणबाईंनी उभ्या उभ्या वरचे खण उघडून-मिटून पाहिले आणि म्हणाल्या, "आता कसे बसले! तोंडावर बोललं नाही की लोक सुधारत नाहीत." खाली वाकून पाहायची त्यांना गरज वाटली नाही. वैद्यबुवांनी बाबांना शाल दिली. गावभर झालं की कवडू मिस्त्रीच्या पोरीचं कपाट पास झालं. लोक माझं कौतुक करत होते आणि मला ते कडू लागत होतं, कारण ज्या खणांचं कौतुक होत होतं ते मी केले तसे राहिलेच नव्हते. तक्रार तरी कोणाकडे करायची? आपलेच दात, आपलेच ओठ.

मग पाऊस लागला. त्या वर्षी तो लागला तो लागलाच. श्रावणात सलग अकरा दिवस सूर्य दिसला नाही. चुलीतली लाकडं धुमसायची, घरातलं मीठ ओलं व्हायचं. मी दिवस मोजत होते, आणि मला माहीत होतं की बाबाही मोजत आहेत.

बाराव्या दिवशी नागभीडच्या गाडीचा कंडक्टर आमच्या दारासमोर गाडी थांबवून ओरडला, "कवडू मिस्त्री! वैद्यबुवानं बोलावलं! कपाट बंद पडलं म्हणते!"

बाबांनी हत्यारांची पिशवी उचलली. मी निघाले. देवानंदला कसं कळलं देव जाणे, तोही छत्री घेऊन गाडीत चढला. "मदतीले येतो, मोठेबाबा," म्हणाला. पोळा दहा दिवसांवर होता.

दवाखान्यात बाकांवर दहा-बारा रोगी बसले होते. खोकला, ताप, पोटदुखी, सगळा पावसाळी माल. वैद्यबुवा कपाटासमोर हातात उलथनं घेऊन उभे होते. उलथनं! त्यानं माझ्या खणाच्या वरच्या काठावर दोन ठिकाणी ओरखडे काढले होते. ते पाहून माझ्याच पाठीवर कोणी ओरखडलं असं मला वाटलं.

"या, या, मिस्त्री," वैद्यबुवा म्हणाले. चिडले होते पण माणूस सभ्य. "बघा तुम्हीच. वरच्या तीन ओळी. एक खण उघडून नाही राहिला. सितोपलादी चूर्ण आत, खोकणारे बाहेर. मी काय आता यांना नुसती नाडी बघून पाठवू?"

"मी म्हटलं नव्हतं?" वैद्यीणबाई आतल्या दारातून म्हणाल्या. "तेव्हा ढिले होते, आता घट्ट झाले. मुलीला मापच कळत नाही. मिस्त्री, तुमचं नाव मोठं, पण तुम्ही हे तिच्या हाती द्यायला नको होतं."

बाकावरचे सगळे माझ्याकडे पाहू लागले. देवानंद छत्री झटकत बाबांच्या कानाशी पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "म्हणूनच म्हणत होतो, मोठेबाबा. प्लायवूड फुगत नाई."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली होती आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हातात दाबून धरली होती. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. चाळीस वर्षांत त्यांचं काम परत आलं नव्हतं. सिंदेवाहीपासून ब्रह्मपुरीपर्यंत लोक पोरीच्या लग्नाचा पलंग करायला त्यांचाच मुहूर्त धरायचे. आणि आता या बारा खोकणाऱ्या माणसांसमोर त्यांचं नाव जाणार होतं, तेही स्वतःच शिकवलेला नियम मोडल्यामुळे. माझा राग तीन महिन्यांचा होता, पण त्या क्षणी तो कुठे गेला कळलं नाही.

मी पुढे झाले. "माही चूक हाये," मी म्हटलं. "खण माह्या हातचे हायेत. बाबाचा काही संबंध नाई. फट सोडाले चुकलं माह्याकडून. आजच नीट करून देते."

बोलताना मला नीट माहीत होतं मी काय देऊन टाकते आहे ते. थप्पीतल्या फळ्या, कौलाचं छप्पर, रंध्यांची फळी, सगळं डोळ्यांसमोर आलं. देवानंदनं छत्री मिटली आणि भिंतीला टेकवून ठेवली, घरचा माणूस ठेवतो तशी.

वैद्यीणबाई "बरं बरं, चूक कबूल केली हे चांगलं," असं काहीतरी म्हणत होत्या. तेवढ्यात बाबा कपाटासमोर गेले आणि दवाखान्याच्या ओल्या फरशीवर मांडी घालून बसले. त्यांनी चौथ्या ओळीतल्या पहिल्या खणाच्या मुठीत एक बोट अडकवलं. करंगळी. खण सरकत बाहेर आला. आवाज नाही, धक्का नाही. त्यांनी तो आत ढकलला आणि दुसरा ओढला. मग तिसरा. मी उभी होते, बाकावरचे लोक माना पुढे काढून पाहत होते. बाबांनी घाई केली नाही. खालच्या तिन्ही ओळींतले अठराच्या अठरा खण त्यांनी एका करंगळीनं उघडले आणि मिटले. शेवटचा खण मिटल्यावर त्याच्या वर कागदाएवढी रेघ दिसत होती, अगदी सरळ.

"वैद्यबुवा," बाबा बसल्या बसल्या म्हणाले, "पायलं का?"

"पाहिलं," वैद्यबुवा म्हणाले. उलथनं त्यांनी केव्हाच खाली ठेवलं होतं. "मग वरचे का असे?"

"खालचेबी इनंच केले अन् वरचेबी इनंच केले. एकाच लाकडाचे, एकाच मापाचे. वरच्याईले मंग पट्टी लावली. थे म्या लावली."

"बाबा," मी म्हटलं.

"तू चूप बस व. खोटं बोलाले शिकवलं नाई तुले म्या." मग ते पुन्हा वैद्यबुवांकडे वळले. "अमावास्येच्या दिवशी लावली. पोरगी घरी नोती म्हणून लावली. इनं खालच्याईले लावू देली नाई, कपाटाले पाठ लावून बसली, म्हणून थे वाचले."

"पण मिस्त्री, तुम्ही? तुम्हाला तर हे सगळं माहीत."

छपरावर पाऊस वाजत होता आणि बाकावर कोणी खोकत नव्हतं.

"चाळीस वर्सं लोकाईनं मले नावं ठेवली," ते म्हणाले. "पलंगाचा पाय वाकडा हाये म्हणे, चौकट उंच झाली म्हणे. मी हासत गेलो. काम नीट हाये हे कामाले माहीत असते, मंग मिस्त्रीले काय फरक पडते? पण त्या दिवशी ताई इच्या कामाले हासल्या." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, पण रागानं नाही. "अठ्ठावीस वर्सं मी खण करून रायलो होतो, तवा असा खण माह्या हातून निघाला. इनं चोविसाव्या वर्सी छत्तीस काढले. अन् त्याले लोक हासले. मले सोसलं नाई. म्हटलं, कोणी हासाले नको. बस. हात दाखवून अवलक्षण केलं म्या."

तीन महिने मी ज्याला अविश्वास समजत होते ते हे होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतक्या लोकांसमोर स्वतःचं नाव असं फरशीवर ठेवणारा माणूस माझा बाप आहे, याचा मला अभिमान वाटला. पुढे मला कामाची बक्षिसं मिळाली, नागपूरच्या बंगल्यांतून बोलावणी आली, पण त्या दुपारएवढी मान मला कधीच ताठ करता आली नाही.

वैद्यीणबाई पुढे आल्या. त्या खाली वाकल्या, पहिल्यांदाच, आणि सहाव्या ओळीतला एक खण त्यांनी करंगळीनं ओढून पाहिला. मग दुसरा ओढला. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. देवानंदनं भिंतीशी टेकवलेली छत्री उचलली. "तीनच्या गाडीनं जातो मी, मोठेबाबा," तो म्हणाला. बाबांनी नुसती मान हलवली.

मग आम्ही कामाला लागलो. कपाट भिंतीपासून ओढलं, मागची फळी काढली आणि मागून मोगरीनं हळूहळू ठोकत वरचे अठरा खण एक एक करून बाहेर काढले. रोग्यांनी स्वतःहून ते बाकांवर मांडून घेतले आणि वैद्यबुवांनी पुड्या बांधायला सुरुवात केली. बाबांनी पहिला खण पुढ्यात घेतला, दोन्ही पायांच्या पंजांत घट्ट धरला आणि पिशवीतून रंधा काढला. रंध्याचं पातं अंगठ्यावर तपासून पाहिलं. पण खणाला लावलं नाही. मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सांग चंदे," ते म्हणाले, "किती काढू?"

सगळा दवाखाना ऐकत होता. मी डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी बसले.

"रंधा ठेवून द्या, बाबा," मी म्हटलं. "गरम पाणी मागवा, सरस सुटला का पट्टी तेवढी काढा. खण बरोबर हायेत."

"हाव," बाबा म्हणाले, आणि रंधा खाली ठेवून त्यांनी पटाशी उचलली.